बूट घासणारा

सहाच जण. सातवा आला तरी
मावशी त्याला घेत नाही,
मग तो कितीही लांबून आलेला असो.
"होडीत जागा दिसतेय की," तो म्हणतो.
"होडीत आहे," मावशी म्हणते. "किनाऱ्यावर नाही."

माझं काम बुटांचं.
धक्क्यावर बादली, ब्रश, औषधाचं निळसर पाणी.
एकेक बूट उलटा करून
खाचांतली माती खरवडायची,
खिसे झटकायला लावायचे,
पँटीच्या शिवणीतली कुसळं वेचायची.
एकदा एका बाईच्या मोज्यात
तिच्या गावच्या गवताचं बी निघालं.
ठेवू का आठवण म्हणून, तिनं विचारलं.
मी काडी ओढली आणि जाळलं.
अर्ध्या जगाची माती मी पाहिलीय,
नखाएवढी नखाएवढी.
स्वतः राकिउरा सोडून फक्त इन्व्हरकार्गिलला गेलोय,
तेही दाढ काढायला.

उन्हं कलली की निघतो.
खाडीच्या तोंडाशी ऑस्कर इंजिन बंद करतो, वल्ही घेतो.
तेव्हा मिरियामामावशी नियम सांगते, एकदाच:
उभं राहायचं नाही. बोलायचं नाही. फोन इथंच ठेवा.
शिंक आली तर कोपरात.
खोकला आणूच नका.
"ते आपल्याला भेटायला येत नाहीत.
दिवसभर खपून घरी येतात."

तिच्या वहीत पेंग्विनांना नावं नाहीत, आकडे आहेत.
नाव ठेवलं की मोजवत नाही, म्हणते.
मी शाळेत जायला लागलो तेव्हा अकरा घरटी.
मग सहा.
यंदा तीन.

त्या संध्याकाळी
हाराकेकेच्या पात्यांमागे सगळे पालथे,
कानांवर वाळूमाश्या, कुणी हात हलवत नव्हतं.
लाट फुटली आणि तिच्यातून एक जण पोटावर घसरत आला,
उठला,
ठिबकत उभा राहिला.
पिवळ्या डोळ्यानं वाळू पाहिली.
झाडी पाहिली.
आणि कुणाचं तरी कोपर हललं असेल,
किंवा काचेवर ऊन चमकलं असेल,
किंवा नुसते आपण होतो, तेवढंच.
तो थांबला.
पुढे येईना, मागे जाईना.

झाडीत पिल्लू ओरडत होतं.
वीस मिनिटं. मी मोजली, दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.
मग तो वळला आणि परत पाण्यात गेला,
चुकीच्या दारावर थाप मारलेल्या माणसासारखा.

मावशीनं तळहात जमिनीला लावला.
म्हणजे: मागे सरका. सगळे. रांगत.

होडीत एक जण कुजबुजला,
दोन विमानं बदलून आलोय मी.
तिनं मांडीवरचा डबा उघडला
आणि नोटा मोजून परत दिल्या, सहाही जणांना.
डब्याच्या झाकणावर खडूनं लिहिलंय: सापळे.
उंदीर आणि रानमांजरं
आमच्या दुःखात सुट्टी घेत नाहीत.

ऑस्करनं इंजिन लावलं नाही.
भरती आम्हाला हळूहळू बाहेर नेत होती.
अंधारात किनारा दिसेना,
फक्त ते ओरडणं, बारीक, हट्टी,
आणि नोटा हातात धरून बसलेली माणसं.

मग ते थांबलं.
एकदम. भरल्या तोंडासारखं.

कुणी काही बोललं नाही, नियमही तोच होता.
लाल बॅटरीच्या उजेडात मावशीनं वहीत लिहिलं:
१ आला. कानानं.

दुसऱ्या दिवसापासून तिनं सहाचे चार केले.
बादलीशी आता आठच बूट असतात.
काम लवकर उरकतं,
उरलेल्या वेळात मी डोंगराच्या कडेनं सापळे बघून येतो.
जाण्याआधी माझेही बूट घासतो.
त्यांची माती इथलीच आहे, माहीत आहे.
तरी.